ई-ट्रॅक की एल-ट्रॅक: पिकअपच्या हौद्यात कुठली रेल बसवायची

पिकअप नवीन असते तोवर हौद्याच्या चार कोपऱ्यांतल्या हुकांवर भागतं. मग कधीतरी मंडळाच्या गणपतीचं मखर न्यायचं निघतं, नाहीतर कोणाचं तरी घर शिफ्ट होत असतं आणि फ्रिज आपल्याच गाडीत येतो कारण अख्ख्या ग्रुपमध्ये पिकअप आपल्याकडेच, आणि तेव्हा कळतं की हुक आहेत पण जिथे पाहिजेत तिथे एकही नाही. मग माणूस कार्गो रेल, म्हणजे माल बांधायला हौद्यात बसवायची पट्टी, शोधायला लागतो आणि समोर दोन नावं येतात, ई-ट्रॅक आणि एल-ट्रॅक. दोन्ही लांब पट्ट्या, दोन्हीला भोकं, दोन्हीवर 'हेवी ड्युटी' छापलेलं, फोटोत तर जुळ्या बहिणी. त्यामुळे एकाची रेल आणि दुसऱ्याचे हुक मागवून बसणारे भरपूर आहेत. एकाचं दुसऱ्यात बसत नाही, हातोडी घेऊन बसलात तरी नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हौद्याच्या तळाला एल-ट्रॅक, आणि बाजूच्या भिंतींना काही लावायचंच असेल तर ई-ट्रॅक. आणि दोन्हीत खरा जोर रेलचा नसतोच, खालच्या पत्र्याचा आणि बोल्टचा असतो.

ई-ट्रॅक हा मुळात मोठ्या ट्रकांचा माल. इथे अमेरिकेत सेमी ट्रेलरच्या किंवा मूव्हर्सच्या बॉक्स ट्रकच्या आत डोकावलंत तर भिंतीवर जी लांबच्या लांब खाचांची पट्टी दिसते ना, तीच. साधारण पाच इंच रुंद, बहुतेक 12 गेजच्या स्टीलच्या पत्र्याची, गॅल्व्हनाइज्ड नाहीतर पावडर कोटिंगवाली. खाच लांबट चौकोनी, त्यात स्प्रिंगवाली फिटिंग दाबायची, कट्ट वाजलं की बसली, काढताना बोटाने खटका ओढायचा की निघाली. ग्लोव्हज घालून, अंधारात, पावसात, कसंही जमतं. ड्रायव्हर लोक दिवसातून पन्नास वेळा हे करतात म्हणून ते तसं बनवलंय. आडवा आणि उभा असे दोन प्रकार मिळतात, पिकअपला आडवाच घ्या, उभा उंच भिंतींच्या ट्रेलरसाठी असतो.

एल-ट्रॅकचं खानदान वेगळं. ह्याला एअरलाइन ट्रॅक पण म्हणतात कारण हा विमानातून आलाय. पुढच्या वेळी मुंबईला जाताना सीटच्या पायाशी वाकून बघा, प्लॅस्टिकचं झाकण निघालेलं असेल तर खाली ॲल्युमिनियमची पट्टी दिसेल, ओळीने गोल भोकं आणि त्यांना जोडणारी अरुंद फट. भोकाच्या मध्यापासून पुढच्या भोकाच्या मध्यापर्यंत बरोब्बर एक इंच. म्हणूनच सीट पिच, म्हणजे दोन रांगांमधलं अंतर, 30, 31, 32 असा इंचाइंचाने सरकतो, एअरलाइनला एक रांग जास्त कोंबायची असली की सीटा सोडायच्या, पुढे सरकवायच्या, परत लॉक करायच्या. व्हीलचेअर नेणाऱ्या व्हॅनमध्येही खाली हाच ट्रॅक असतो. आणि टेस्लाच्या सायबरट्रकच्या हौद्यात तर तो कंपनीतूनच येतो.

पट्टी जेमतेम दीड-दोन इंच रुंद आणि अर्ध्या इंचाच्या आसपास उंच. फिटिंगला खाली मशरूमसारखं डोकं असतं, ते गोल भोकातून आत टाकायचं, अर्धा इंच सरकवायचं म्हणजे डोकं दोन भोकांच्या मधल्या अरुंद फटीखाली जातं, आणि मग वरचा खटका सोडला की तो भोकात उतरून फिटिंगला परत सरकू देत नाही. हा अर्ध्या इंचाचा खेळ नीट समजून घ्या. घाईत कोणी ते डोकं भोकाच्या बरोबर खालीच ठेवलं आणि वरून पट्टा चढवला, तर फिटिंग बसल्यासारखी वाटते, हाताला घट्ट पण लागते, आणि पहिल्या स्पीड ब्रेकरला सरळ वर येते. ई-ट्रॅकमध्ये असला प्रकार कमी होतो, कारण तिथे आवाजच सांगतो. दोन्हीकडे सवय एकच, बसवल्यावर उलटसुलट एक जोरात हिसका मारून बघायचा.

आता ताकद. सगळ्यांचा समज असा की ई-ट्रॅक स्टीलचा म्हणजे खूप दणकट आणि एल-ट्रॅक ॲल्युमिनियमचा म्हणजे नाजूक. आकडे बघितले की एवढा फरक नाहीच. एल-ट्रॅकची एका डोक्याची रिंगवाली फिटिंग बहुतेक 4,000 पाउंडला तुटणारी म्हणून विकतात, म्हणजे वर्किंग लोड (रोजच्या वापरात तिच्यावर टाकायचा जास्तीत जास्त भार) 1,333 पाउंड, दोन डोक्यांवाली 5,000 ची म्हणजे 1,666 च्या आसपास. आणि ई-ट्रॅकचे साधे दोन इंची रॅचेट पट्टेही (खटक्याने आवळायचे पट्टे) हजार-दीड हजार पाउंड वर्किंग लोडच्या घरातच असतात. इथे एक गंमत होते, पाकिटावर मोठ्या अक्षरात जो आकडा असतो तो पुष्कळदा तुटण्याचा असतो, वापरायचा आकडा त्याच्या एक तृतीयांश. पट्टा, फिटिंग, रेल ह्यांतला सगळ्यात लहान वर्किंग लोड धरायचा.

आणि आपल्याला लागतं किती? कमर्शियल ट्रकांसाठी अमेरिकेचा फेडरल नियम असा की सगळ्या बांधण्यांचा मिळून वर्किंग लोड मालाच्या वजनाच्या निम्मा तरी हवा, आणि बांधणीने पुढच्या दिशेला 0.8 जी (म्हणजे मालाच्या वजनाच्या 0.8 पट), मागे आणि बाजूला 0.5 जी एवढा झटका सोसायला हवा. तुमची घरची पिकअप त्या नियमात येत नसली तरी हिशोब म्हणून हा उत्तम. 800 पाउंडांचं गवत कापायचं राइडिंग मशीन असेल तर निम्मं म्हणजे 400, चार चांगल्या फिटिंगा असल्या की दोन्ही ट्रॅक आरामात पास होतात. म्हणजे कागदावर प्रश्न सुटला, पण गाडीत नाही सुटत, कारण कागदावरचा आकडा रेल भक्कम जागी बोल्ट केली आहे असं धरून दिलेला असतो.

हौद्याचा तळ वाकून बघा. सपाट नसतो, लांबीच्या दिशेने उंचवटे आणि पन्हळी असतात, पातळ पत्र्याला ताठरपणा यावा म्हणून. एल-ट्रॅक अरुंद असल्यामुळे एका उंचवट्यावर लांबीने अख्खा झोपतो, बोल्टच्या खाली पत्रा टेकलेला असतो, आवळला की आवळला. पाच इंची ई-ट्रॅक मात्र उंचवटा ओलांडून दोन्ही बाजूंच्या पन्हळींवर लोंबतो, आणि त्याची बोल्टची भोकं नेमकी कडेला असतात म्हणजे खाली हवा. तिथे पाना लावून दाबलंत की आधी पत्रा वर ओढला जातो, मग रेल वाकते, आणि हे सगळं घट्ट झाल्यासारखं वाटतं पण असतं स्प्रिंगसारखं, शे-दोनशे मैलांत ढिलं. पन्हळीत योग्य जाडीचे स्पेसर भरून हे सोडवता येतं, लोक करतातही, पण प्रत्येक भोकाखाली एक असे ते कापत बसायचे. म्हणून तळाला माझं मत एल-ट्रॅकला.

दुसरं कारण फावडं. वसंतात मल्च (झाडांच्या बुंध्याशी पसरायचा लाकडाचा चुरा) नाहीतर माती भरून आणली आणि फावड्याने ओढायला लागलात की पाच इंची रेलच्या कडेला फावडं दर वेळी अडकतं आणि चिडचिड होते. एल-ट्रॅकही अडतो, पण दोन ट्रॅकांच्या मधे अर्धा इंची प्लायवूड टाकलं की सगळं एका लेव्हलला येतं, आणि प्लायवूड घसरतही नाही कारण दोन्हीकडून रेलने धरलेलं असतं. उणी बाजू म्हणजे एल-ट्रॅकच्या फटीत बारीक खडी आणि पाइनच्या सुया जाऊन बसतात, त्या स्क्रूड्रायव्हरने उकराव्या लागतात. त्यासाठी रबराची भरणपट्टी मिळते, वापरात नसलेल्या भागात दाबून ठेवायची. ई-ट्रॅकमध्येही कचरा जातो, पण पाइप मारला की बराचसा निघून जातो.

बसवायला घेताना ड्रिल हातात धरायच्या आधी गाडीखाली झोपा. खरंच झोपा, मोबाइलचा टॉर्च घेऊन. पेट्रोलची टाकी, ती भरायची नळी, ब्रेकची लाइन, मागच्या लाइटांचं वायरिंग, एक्झॉस्ट, सगळं तिथेच आहे, आणि टाकी बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरच्या बाजूला हौद्याच्या तळाला अगदी चिकटून असते. वरून मोजलेली जागा खालून परत मोजा. ड्रिलच्या बिटवर लाकडाचा ठोकळा घालून फक्त अर्धा इंच टोक बाहेर ठेवा म्हणजे पत्रा फुटला की बिट खाली घुसत नाही. स्टेपनी आधी काढा, निम्मी अडचण तिथेच संपते. टाकीच्या वर भोक पाडायचंच असेल तर हौद्याचे बोल्ट सोडून काही जणांनी मिळून तो उचलून घेणं हा शहाणपणाचा मार्ग आहे, कंटाळवाणा आहे पण टाकीवर ड्रिल चालवण्यापेक्षा परवडला.

एल-ट्रॅकची भोकं साधारण दोन सुती, म्हणजे पाव इंची चपट्या डोक्याच्या बोल्टची असतात, डोकं रेलमध्ये बुडायला हवं नाहीतर फिटिंग सरकताना तिथे अडकते. खाली नुसतं वायसर लावून सोडू नका. पत्रा पातळ असतो, ओढ आली की लहान वायसर त्यातून कागद फाटावा तसं वर येतं. सूतभर जाडीची लोखंडी पट्टी कापून दोन-तीन बोल्टांना मिळून एकच लावा, वर नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्याने न सुटणारा नट. भोकाची कड कानशीने घासून बर (ड्रिलने उरलेली धारदार खरखर) काढा, उघड्या पडलेल्या लोखंडावर झिंकचा रंग दोन हात, मग सिलिकॉन, मग बोल्ट. हा रंग टाळणाऱ्याच्या भोकाभोवती मिशिगन-मिनेसोटासारख्या, बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यात दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत तांबूस वर्तुळ उमटतं. हौद्यात प्लॅस्टिकचा सुटा लायनर (अस्तर) असेल तर तो काढूनच रेल लावा. त्याच्यावरून आवळलं की प्लॅस्टिक हळूहळू चेपतं आणि बोल्ट आपोआप सैल. फवारलेला लायनर चालतो.

हौदा कशाचा आहे तेही बघा. फोर्ड एफ-150 ची बॉडी 2015 पासून ॲल्युमिनियमची आहे, तिच्यावर स्टीलचा ई-ट्रॅक थेट ठेवला आणि त्यात मिठाचं पाणी गेलं की ॲल्युमिनियम आधी खायला लागतं, पांढरी भुकटी दिसते. तिथे एल-ट्रॅक आपल्याच जातीचा पडतो, फक्त बोल्ट आणि खालची लोखंडी पट्टी ॲल्युमिनियमला टेकतात तिथे मध्ये नायलॉन नाहीतर रबर घालून धातू वेगळे ठेवायचे. टोयोटा टाकोमाचा हौदा 2005 पासून कंपोझिटचा (तंतू मिसळून मजबूत केलेल्या प्लॅस्टिकचा) आहे, गंजाची कटकट नाही, पण बोल्ट टोकाला जाऊन आवळलात तर तडकू शकतो, मोठी पट्टी आणि बेताचा हात. आणि होंडा रिजलाइनच्या हौद्याच्या तळाखाली डिकी आहे हे विसरून ड्रिल मारणाऱ्याला देव वाचवो.

टाकोमा आणि निसानच्या काही फ्रंटियर-टायटनला कंपनीचीच रेल असते, सरकणाऱ्या हुकांची. ती ई पण नाही आणि एल पण नाही, तिला तिचेच हुक लागतात. कंपनीने ती हौद्याच्या मजबूत जागी बसवलेली असते, म्हणून ज्याच्याकडे आहे त्याने आधी ती वापरून बघावी, नवीन भोकं नंतर.

आता भिंती. तिथे ई-ट्रॅक मला का आवडतो, तर पट्ट्यांसाठी नाही, लाकडासाठी. ई-ट्रॅकच्या खाचेत बसणारे बूट मिळतात, त्यात टू-बाय-फोर किंवा टू-बाय-सिक्सची फळी आडवी टाकता येते. समोरासमोर दोन रेल असल्या की हौद्याचे दोन कप्पे होतात, मखराचे उभे पॅनल फळीला टेकून एकमेकांवर न घासता जातात, किंवा खाली जड पेट्या आणि वर हलकं सामान असा मजला काढता येतो. एल-ट्रॅकला हे इतकं सोपं नाही. अडचण अशी की पिकअपच्या आतल्या भिंतीच्या मागे बाहेरचा पत्रा असतो, नट लावायला हात जात नाही. मागच्या लाइटा काढून थोडा हात जातो, चाकाच्या वरचं आतलं प्लॅस्टिक काढून थोडा, बाकी ठिकाणी लोक रिव्हनट मारतात, म्हणजे रिव्हेटसारखा एकाच बाजूने पत्र्यात बसवायचा नट. फळी टेकवण्याला आणि हलक्या मालाला रिव्हनट ठीक. पण पातळ पत्र्यातल्या रिव्हनटवर विसंबून जनरेटर बांधायचा असेल तर तो तळालाच बांधा.

महिन्यातून एखादा फेरा मारणाऱ्याला ह्यातली कुठलीच अख्खी रेल लागत नाही. ई-ट्रॅकचे सुटे एकेका खाचेचे अँकर मिळतात, आपल्या मालाच्या मापाने जागा ठरवून, उंचवट्यावर बसतील असे बघून, चार-सहा लावले की झालं, भोकंही कमी आणि फावड्यालाही अडथळा नाही. ज्याला दर आठवड्याला वेगळा माल न्यायचा असतो, आज मोटरसायकल, उद्या कपाट, त्याने मात्र एल-ट्रॅकच्या दोन लांब पट्ट्या चाकांच्या फुगवट्यांच्या आत एकमेकींना समांतर टाकाव्यात, चाळीसेक मैल चालवून सगळे नट एकदा खालून पान्याने तपासावेत, आणि दोन डोक्यांच्या चार फिटिंगा जास्तीच्या घेऊन ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवाव्यात कारण त्या हरवतातच.