फोटोशॉपच्या ॲक्शन सेव्ह कशा कराव्या आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर कशा न्याव्या

नागपूर आणि आसपासच्या स्टुडिओ, डीटीपी व अल्बम डिझाइन करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

एखाद्या कामाच्या स्टेप फोटोशॉपमध्ये एकदा रेकॉर्ड करून ठेवल्या की त्या पुढे एका क्लिकवर पुन्हा चालवता येतात; या नोंदीला ॲक्शन म्हणतात. एकदा रेकॉर्ड केलेली ॲक्शन पॅनेलमध्ये रोज दिसते, रोज चालते, म्हणून ती सेव्ह झालेलीच आहे असं वाटतं. तसं नसतं. पॅनेलमधली सगळी नोंद ‘ॲक्शन्स पॅलेट’ नावाच्या एकाच पीएसपी फाइलमध्ये असते. ही फाइल सी ड्राइव्हवर, तुमच्या युजर फोल्डरच्या आत ॲपडेटा, रोमिंग, ॲडोबी अशा लपलेल्या फोल्डरांत पडलेली असते. विंडोज फॉरमॅट केली की ती गेली. फोटोशॉप काढून टाकताना ‘प्रेफरन्सेस काढून टाका’ निवडलं तरी ती जाऊ शकते.

शिवाय या फाइलमध्ये नवी नोंद लिहिली जाते ती फोटोशॉप नीट बंद करताना. सकाळी तास-दोन तास बसून ॲक्शन तयार केली, फोटोशॉप उघडंच ठेवलं आणि दुपारी लाईट गेली, तर पुन्हा सुरू केल्यावर ती ॲक्शन पॅनेलमध्ये नसते. नवतपात इन्व्हर्टर दमतो, बॅटरी उतरते, त्या दिवसांत हे हमखास होतं. म्हणून ॲक्शन पूर्ण झाली की तिचा सेट लगेच वेगळ्या फाइलमध्ये सेव्ह करा. एक मिनिटाचं काम आहे.

सेव्ह करताना

ऑल्ट आणि एफ९ दाबलं की ॲक्शन पॅनेल उघडतं. त्यात फोल्डरचं चित्र असलेली ओळ म्हणजे सेट, त्याच्या आत ॲक्शन, आणि ॲक्शनच्या आत एकेक स्टेप. पॅनेलच्या कोपऱ्यातल्या मेनूत ‘सेव्ह ॲक्शन्स’ असतं. ते फिकट दिसतं आणि दाबलं जात नाही, ही आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी अडचण. कारण एकच: तुम्ही ॲक्शनवर किंवा स्टेपवर क्लिक केलेलं असतं. फोटोशॉप सुटी ॲक्शन सेव्ह करत नाही, पूर्ण सेटच करतं. फोल्डरच्या ओळीवर क्लिक करा, पर्याय उजळतो. एकच ॲक्शन द्यायची असेल तर नवा सेट बनवा, ऑल्ट दाबून ती ॲक्शन त्यात ओढा म्हणजे तिची प्रत तयार होते, आणि तो सेट सेव्ह करा. पॅनेलमध्ये नुसती रंगीत बटणंच दिसत असतील तर ‘बटण मोड’ सुरू आहे. मेनूतून त्याची टिक काढा.

फाइल डॉट एटीएन प्रकारची बनते. ती फोटोशॉपच्या स्वतःच्या फोल्डरात ठेवू नका, डी ड्राइव्हवर वेगळा फोल्डर करा आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर टाका. नावात काम, आवृत्ती आणि तारीख लिहा. ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘फायनल’ अशा नावांतून सहा महिन्यांनी काहीच कळत नाही.

एक गोष्ट विसरू नका. एटीएन फाइल लोड केली की तिची नक्कल पॅनेलमध्ये येते. नंतर पॅनेलमध्ये एखादी स्टेप बदलली तर मूळ फाइल बदलत नाही, म्हणून बदल केल्यावर पुन्हा सेव्ह करावं लागतं. आणि ‘सेव्ह ॲक्शन्स’ निवडताना कंट्रोल व ऑल्ट दाबून ठेवले तर सगळ्या स्टेप साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरतात. ती फाइल परत लोड होत नाही, पण कोणत्या स्टेपमध्ये काय आकडा आहे हे कागदावर छापून ठेवायला उत्तम.

दुसऱ्या मशीनवर

पेन ड्राइव्हवरची एटीएन फाइल आधी त्या कॉम्प्युटरवर कॉपी करा, मग पॅनेलच्या मेनूतून ‘लोड ॲक्शन्स’. फाइलवर डबल क्लिक केलं तरी चालतं, पण मशीनवर फोटोशॉपच्या दोन आवृत्त्या असतील तर भलत्याच आवृत्तीत उघडते. त्याच मेनूत खाली ‘रिप्लेस ॲक्शन्स’ आहे. त्याला हात लावू नका. त्या मशीनवर आधी असलेले सगळे सेट पुसून तो तुमचा एकच सेट ठेवतो. व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर झिप करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. विंडोजवर बनवलेली फाइल मॅकवर चालते, मॅकची विंडोजवर चालते.

लोड झाली पण चालत नाही

एटीएन फाइलमध्ये फक्त स्टेप असतात. त्या स्टेपना लागणारा फॉन्ट, पॅटर्न, ब्रश, बाहेरून टाकलेलं प्लगइन किंवा वॉटरमार्कची पीएनजी तिच्यात नसते. ती जोडीने न्यावी लागते. वॉटरमार्क ‘प्लेस’ कमांडने बाहेरच्या फाइलमधून घेतला असेल तर तो दोन्ही मशीनवर त्याच ड्राइव्हमध्ये, त्याच नावाच्या फोल्डरात हवा.

‘बॅकग्राउंड कॉपी हा लेयर सध्या उपलब्ध नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला तर समजा, रेकॉर्ड करताना लेयरच्या नावावर माऊसने क्लिक केलं होतं. ते नाव स्टेपमध्ये कोरलं जातं आणि पुढच्या फोटोत त्या नावाचा लेयर नसतो. रेकॉर्डिंग चालू असताना लेयर पॅनेलला माऊस लावूच नये. ऑल्टसोबत चौकोनी कंस दाबून वरच्या-खालच्या लेयरवर जा. मग ‘एक पायरी खाली’ एवढंच नोंदलं जातं.

‘ही कमांड उपलब्ध नाही’ असं आलं तर बहुधा आवृत्तीचा फरक असतो. ‘सिलेक्ट सब्जेक्ट’ २०१८ मध्ये आलं, ‘कॅमेरा रॉ फिल्टर’ २०१३ मध्ये. अशी स्टेप सीएस३ सारख्या जुन्या आवृत्तीवर चालणार नाही. त्यामुळे दोन मशीनवर दोन आवृत्त्या असतील तर रेकॉर्डिंग नेहमी जुन्या मशीनवर करा. फोटो सीएमवायके (छपाईचा रंग-मोड) किंवा १६ बिट असला तरी काही फिल्टर बंद पडतात, तेव्हा आधी मोड पाहा.

वेगवेगळ्या मापांच्या फोटोंवर एकच वॉटरमार्क किंवा सिलेक्शन टाकायचं असेल तर रेकॉर्ड करण्याआधी रूलरचं एकक टक्क्यांवर करा. पिक्सेलमध्ये रेकॉर्ड केलं की आडव्या फोटोवर बरोबर बसलेला वॉटरमार्क उभ्या फोटोवर बाहेर जातो.

उदाहरण: चार बाय सहा इंचांच्या शीटवर ८ पासपोर्ट फोटो

जूनमध्ये आपल्याकडे शाळा उघडण्याच्या सुमारास ही शीट दिवसभर लागते. ती अशी रेकॉर्ड केली की कुठल्याही मशीनवर चालते, कारण तिच्यात ना लेयरचं नाव आहे, ना पॅटर्न, ना फॉन्ट.

आधी हाताने क्रॉप करा: ३५ बाय ४५ मिलिमीटर, रिझोल्यूशन इंचाला ३०० पिक्सेल, आणि ‘डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स’वर टिक. फोटो ४१३ बाय ५३१ पिक्सेलचा होतो. क्रॉप ॲक्शनमध्ये घेऊ नका, चेहरा दरवेळी वेगळ्या जागी असतो.

इथे प्रत्येक फोटो एकाच मापाचा आहे, म्हणून रूलर पिक्सेलवर आणा, रेकॉर्ड सुरू करा. पहिली स्टेप ‘फ्लॅटन इमेज’, म्हणजे सगळे लेयर एकात मिसळतात. मग ‘कॅनव्हास साइझ’ ४५० बाय ६००, फोटो मधोमध, म्हणजे भोवती कापायला पांढरी पट्टी मिळते. पुन्हा ‘कॅनव्हास साइझ’ १८०० बाय १२००, या वेळी अँकर डाव्या वरच्या कोपऱ्यात. दोन्ही वेळा एक्स्टेन्शनचा रंग ‘व्हाइट’च निवडा. ‘बॅकग्राउंड’ ठेवलात तर त्या मशीनवर त्या क्षणी जो बॅकग्राउंड रंग असेल तोच पट्टीत भरतो, आणि शेजारच्या मशीनवर लाल पट्ट्यांची शीट निघते.

आता कंट्रोल-जे, कंट्रोल-टी, वरच्या पट्टीतलं त्रिकोणाचं चिन्ह दाबून एक्समध्ये ४५० पिक्सेल, एंटर, कंट्रोल-ई. दोन फोटो झाले. हेच पुन्हा, एक्समध्ये ९००. चार झाले. तिसऱ्यांदा एक्स शून्य आणि वायमध्ये ६००. आठ झाले. रेकॉर्ड थांबवा. त्रिकोण दाबला नाही तर आकडा ‘इतकं सरकव’ असा न घेता ‘या जागी ठेव’ असा घेतला जातो आणि फोटो एकमेकांवर चढतात.

सेव्हची स्टेप आणि बॅच

ॲक्शनमध्ये ‘सेव्ह ॲज’ रेकॉर्ड करताना फाइलच्या नावाला स्पर्श करू नका. नाव टाइप केलं की ते स्टेपमध्ये बसतं आणि २०० फोटोंची बॅच (फोल्डरातल्या सगळ्या फोटोंवर एकदम चालवलेली ॲक्शन) संपल्यावर फोल्डरात एकच फाइल उरते, शेवटच्या फोटोची. लग्नाच्या कामात हे फार महागात पडतं. फोल्डरचा पत्ताही नोंदला जातो, म्हणून बॅचच्या चौकटीत ‘ओव्हरराइड ॲक्शन सेव्ह ॲज कमांड्स’वर टिक करून तिथे नवा फोल्डर द्या. ही टिक तेव्हाच उपयोगाची, जेव्हा ॲक्शनमध्ये सेव्हची स्टेप आहे. ‘ओव्हरराइड ॲक्शन ओपन कमांड्स’चं उलट आहे: ॲक्शनमध्ये ओपनची स्टेप नसताना ही टिक केली तर एकही फोटो उघडत नाही. चुकांसाठी ‘लॉग एरर्स टू फाइल’ निवडा, नाहीतर ४० व्या फोटोवर संदेश येऊन मशीन रात्रभर तसंच थांबून राहतं.

२०२१ पासूनच्या आवृत्त्यांत लेयर असलेल्या फाइलला ‘सेव्ह ॲज’मध्ये जेपीजी दिसत नाही, ती ‘सेव्ह अ कॉपी’त गेली आहे. आधी फ्लॅटन केलं की हा प्रश्न येत नाही.

नव्या मशीनवर पहिल्यांदा चालवताना ‘प्लेबॅक ऑप्शन्स’मध्ये ‘स्टेप बाय स्टेप’ ठेवा आणि मूळ फोटोंच्या कॉपीवरच चालवा. कुठे अडकते ते डोळ्यांना दिसतं.

कॉम्प्युटर आमच्याकडे फॉरमॅटला आणण्याआधी फोटोशॉप उघडून प्रत्येक सेट वेगवेगळा सेव्ह करा, फॉन्ट आणि वॉटरमार्कच्या फाइल त्याच फोल्डरात टाका, आणि तो फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या मशीनवर एकदा उघडून पाहा. मशीन चालूच होत नसेल तर फॉरमॅटला होकार देण्याआधी ॲक्शन हव्या आहेत असं आम्हाला सांगा. हार्ड डिस्क वाचता येत असेल तर ती पॅलेटची पीएसपी फाइल आधी बाजूला काढता येते आणि त्याच आवृत्तीत परत ठेवता येते.