लाट माथ्यावर असताना

उंदराच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींशी जोडलेला भाग, अलगद काढून कंप पावणाऱ्या पात्याने त्याचे काप करतात. जाडी जेमतेम ०.४ मिलिमीटर. सगळं बर्फगार द्रावणात आणि झटपट करावं लागतं, कारण ऑक्सिजन तुटला की चेतापेशी लगेच मरू लागतात. मग तो काप क्षार आणि ग्लुकोज असलेल्या द्रावणात ठेवतात, त्यात ऑक्सिजनचे बुडबुडे सोडत राहतात. एवढी काळजी घेतली तर तो कित्येक तास जगतो.

हाच भाग का? १९५३ साली हेन्री मोलायसन यांचा दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस अपस्माराच्या उपचारासाठी बराचसा काढला गेला आणि नव्या घटना लक्षात ठेवणं त्यांना कायमचं अशक्य झालं. शिवाय इथल्या पेशींची मुख्य साखळी बरीचशी एकाच पातळीत पसरलेली असते. आडवा काप घेतला तरी ती शाबूत राहते. संशोधकांसाठी हे केवढं मोठं भाग्य!

एरवी शांत असलेल्या या कापावर कार्बाकोल टाकलं की चित्र पालटतं. हे रसायन मेंदूतल्या ॲसिटिलकोलीन या संदेशवाहक रसायनासारखं काम करतं. इलेक्ट्रोडवर लाटा दिसू लागतात. डोळे नाहीत, शरीर नाही, तरी हजारो पेशी एका तालात येतात. सेकंदाला चाळीसेक लाटांची गॅमा लय उमटते तेव्हा आवर घालणाऱ्या पेशी शेजाऱ्यांना एकदम गप्प करतात. तो आवर ओसरला की सगळ्या पुन्हा एकदम बोलतात.

थीटा लय याहून बरीच संथ. पॅट्रिशियो ह्युएर्ता आणि जॉन लिसमन यांनी १९९० च्या दशकात ती कापात निर्माण केली आणि अवघ्या चार विद्युत ठोक्यांची एक सर दिली. लाट माथ्यावर असताना ती सर पोचली, तर पेशींमधला जोड बळकट झाला. तीच सर लाटेच्या तळाशी पोचली, तर आधी बळकट केलेला जोड सैल पडला. ठोके तेच, जोर तोच, फरक फक्त वेळेचा. मला या क्षेत्रातला हा सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो. जोडांची ताकद बदलणं हाच आठवणीचा पाया मानला जातो, म्हणजे काय टिकणार आणि काय पुसलं जाणार, यात लयीचाही हात असणार.

कापात कधीकधी औषधाशिवायही सेकंदाला दोनशेच्या आसपास वेगाची क्षणिक थरथर उठते. झोपलेल्या उंदरातही ती असते. २००९ मध्ये शिकून झोपलेल्या उंदरांमध्ये ती मुद्दाम मोडली, तेव्हा त्यांना जागा लक्षात ठेवणं जड गेलं. कापाला मात्र आठवायला काहीच नसतं, तरीही ती थरथर उठते.