कंदातलं विष उतरतं कसं?

२०२४ च्या डिसेंबरात पॅराग्वेत युनेस्कोची बैठक भरली होती. त्या बैठकीत आयव्हरी कोस्टमधल्या ‘अचेके’ नावाच्या पदार्थाचं कसब मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं. मी वाचलेल्या बातमीत अचेकेचं वर्णन ‘कसाव्याचा आंबवलेला रवा’ एवढ्यावर आटोपलं होतं. वर्णन चूक नाही, पण या रव्यामागे जे रसायन आहे ते इतकं देखणं आहे की त्यावर लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. आफ्रिका खंडात कसाव्याचे शेकडो पदार्थ होतात. दर दोन-तीनशे मैलांवर नाव बदलतं, पोत बदलतो, आंबटपणा बदलतो. पण त्यातले कितीतरी पदार्थ म्हणजे एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत: कंदात सायनाइड आहे, ते बाहेर कसं काढायचं?

कसाव्याची ओळख मराठी माणसाला वेगळी करून द्यायला नको. एकादशीची खिचडी त्याचीच असते. साबुदाणा कसाव्याच्या कंदातल्या पिष्टापासून बनतो आणि आपल्याकडे येणारा बहुतेक साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलम भागातला असतो. हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेचं. अॅमेझॉन खोऱ्याच्या नैर्ऋत्य कडेला ते माणसानं लागवडीखाली आणलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नेलं आणि तिथून ते खंडभर पसरलं. आज जगातला निम्म्याहून अधिक कसावा आफ्रिकेत पिकतो. एकट्या नायजेरियात वर्षाला सुमारे ६ कोटी टन. हलक्या जमिनीत येतो, पाऊस दडी मारून बसला तरी तग धरतो, आणि तयार कंद लगेच काढला नाही तरी महिनोन्‌महिने जमिनीत राहू शकतो. ज्याच्याकडे कोठार नाही त्याच्यासाठी शेत हेच कोठार.

आणि हा कंद विषारी आहे. ‘नैसर्गिक ते निरुपद्रवी’ हे वाक्य हल्ली प्रत्येक पाकिटावर दिसतं, म्हणून मुद्दाम सांगतो. कसाव्यावर कुणी काही फवारलेलं नसतं, त्याच्यात कुणी भेसळ केलेली नसते. झाडच हे विष स्वतः तयार करतं, कुरतडणाऱ्यांपासून वाचण्यासाठी. ताज्या कंदात किलोमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सायनाइड निघू शकत असेल तर त्या वाणाला कडू म्हणतात. कसाव्याच्या पिठासाठी आंतरराष्ट्रीय अन्नमानकानं ठरवलेली मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅमची आहे. माणसाच्या शरीराच्या दर किलो वजनामागे अर्धा ते साडेतीन मिलिग्रॅम सायनाइड जीव घ्यायला पुरतं.

आता माझ्या आवडीचा भाग.

कंदात सुटं सायनाइड जवळजवळ नसतंच. असतं तर झाड आधी स्वतःच मेलं असतं. झाड ते एका साखरेला बांधून ठेवतं. ग्लुकोजच्या रेणूला सायनाइड असलेला एक छोटा गट जोडलेला, अशा या संयुगाचं नाव लिनामारिन. ते मुख्यतः पानांत तयार होतं आणि तिथून कंदाकडे जातं. पेशीत ते रिक्तिकेमध्ये, म्हणजे शाळेत आपण पेशीच्या आकृतीत काढायचो त्या मोठ्या पोकळीत, साठवलेलं असतं. या लिनामारिनची फोड करणारं एन्झाइम, लिनामारेज, हेही त्याच कंदात असतं, पण ते पेशीभित्तिकेत. विष आणि ते मोकळं करणारा दोघं एकाच घरात, मध्ये पडदा. विड्यात चुना आणि कात शेजारी असतात, पण रंग चढतो तो चावल्यावर, इथंही तसंच. उंदरानं कंदाचा चावा घेतला की पेशी फुटतात, पडदा जातो, एन्झाइम लिनामारिनपर्यंत पोचतं.

पुढे दोन पायऱ्या आहेत आणि दोन्ही नीट लक्षात ठेवायला हव्यात. पहिल्या पायरीत लिनामारेज पाण्याच्या मदतीनं ग्लुकोज सोडवून घेतं आणि मागे उरतं अॅसिटोन सायनोहायड्रिन. दुसऱ्या पायरीत हे सायनोहायड्रिन मोडतं आणि त्यातून अॅसिटोन आणि हायड्रोजन सायनाइड बाहेर पडतात. हा हायड्रोजन सायनाइड २६ अंश सेल्सिअसला उकळतो. म्हणजे उष्ण प्रदेशातल्या दुपारी तो उघड्यावर मोकळा झाला की वाऱ्यावर निघून जातो.

यातून एक उलटाच निष्कर्ष निघतो. कसावा निर्विष करायचा तर त्यातलं सायनाइड दाबून ठेवायचं नाही, ते पुरतं मोकळं करायचं, फक्त माणसाच्या पोटात जायच्या आधी. उंदराविरुद्ध झाडानं लावलेला सापळा आपणच मुद्दाम उडवायचा आणि मग जेवायला बसायचं.

‘उकळलं की सगळं मरतं’ हा आपला समज इथं कामाचा नाही. उकळल्यानं जंतू मरतात; लिनामारिन जंतू नाही, ते उष्णतेला दाद देत नाही. उलट सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे बिघडतं ते एन्झाइम. कडू कंदाचे मोठे तुकडे थेट उकळत्या पाण्यात टाकले तर लिनामारेज काम सुरू करण्याआधीच निकामी होतं आणि लिनामारिन बरंचसं आत राहतं. पोटात गेल्यावर आतड्यातले जिवाणू त्याची फोड करू शकतात. म्हणून नुसता उकडून खायचा तो गोडा, म्हणजे कमी विषाचा, कसावा. घानामध्ये उकडलेला कसावा आणि कच्ची केळी उखळात कुटून फुफू करतात, तिथं गोडे वाण वापरतात ते याचसाठी.

उन्हात वाळवणंही अपुरं पडतं. तुकडे पटकन वाळले की पाणी जातं, आणि पाण्याशिवाय पहिली पायरी होतच नाही. पेशी तर बऱ्याचशा फुटलेल्याच नसतात. नुसत्या वाळवण्यानं चौथा ते तिसरा हिस्सा लिनामारिन मागे राहतं.

आता पश्चिम आफ्रिकेतली गारी बघा. नायजेरियापासून घानापर्यंत ती घराघरात असते. कंद सोलतात, किसतात, कीस पोत्यात भरतात, पोत्यावर वजन ठेवून किंवा जॅकनं दाबून दोन-चार दिवस पाणी निथळू देतात. मग चाळून मोठ्या पसरट कढईत सतत ढवळत भाजतात. काही भागांत त्यात पाम तेल घालतात आणि गारी पिवळी होते. गरम पाण्यात ती घोटली की एबा तयार, सोबत रस्सा.

सगळे म्हणतात की इथं आंबवल्यानं विष जातं. हे अर्धंच खरं आहे. खरं काम किसणीवर होतं. किसताना पेशी मोठ्या प्रमाणावर फुटतात आणि पहिली पायरी झपाट्यानं उरकते. मग लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू कीस आंबवतात, सामू (pH; जितका कमी तितकं जास्त आंबट) ४ च्या आसपास उतरतो. आणि इथं एक गंमत होते: सायनोहायड्रिन आम्लात टिकतं. सामू ५ च्या वर असेल तर ते आपोआप मोडतं, पण आंबट किसात ते तसंच बसून राहतं. कसाव्याच्या पानांत हे सायनोहायड्रिन मोडणारं आणखी एक एन्झाइम असतं, कंदात मात्र ते जवळपास नसतंच. म्हणजे आंबवण्यानं दुसरी पायरी उलट अडते! ती पुरी होते दोन गोष्टींनी. दाबून काढलेल्या पाण्याबरोबर बरंच सायनोहायड्रिन वाहून जातं आणि उरलेलं कढईच्या उष्णतेनं मोडून वाफेबरोबर उडतं. आंबवण्यानं चव येते आणि पदार्थ टिकतो. विषाचा हिशेब किसणी, दाब आणि भाजणं मिळून चुकता करतात. सामूचा हा भाग किचकट वाटला तर एवढंच धरा की या कृतीतली एकही पायरी गाळून चालत नाही.

अचेके याच कुळातला. आयव्हरी कोस्टच्या दक्षिणेला खाडीकाठच्या समाजांतल्या बायकांचं हे कसब. त्यात किसलेल्या कसाव्याला विरजण लावतात: आधी शिजवून दोन-तीन दिवस पोत्यात ठेवलेला, बुरशी-जिवाणूंनी भरलेला जुना कसावा. रात्रभर मुरवून, दाबून पाणी काढून, हातानं रवाळ करून मग वाफवतात. सोबत तळलेली किंवा भाजलेली मासळी, कांदा, टोमॅटो, मिरची.

काँगोच्या खोऱ्यात किसणी नाही, तिथं नदी आहे. अख्खे सोललेले कंद तीन ते पाच दिवस पाण्यात बुडवून ठेवतात. इथं मात्र आंबवणं हाच नायक आहे, कारण पेशी फोडण्याचं काम जिवाणू करतात. कंद बोटानं दाबला की फुटेल इतका मऊ होतो, विद्राव्य विष पाण्यात उतरतं. तो लगदा कुटून, पानांत घट्ट बांधून वाफवला की चिक्वांग होते. ती काही दिवस सहज टिकते, म्हणून प्रवासात हीच शिदोरी. मोझांबिक आणि युगांडाच्या काही भागांत सोललेले कंद ढीग करून झाकून ठेवतात. बुरशी वाढते, कंद नरम पडतात, मग बुरशी खरवडून वाळवून पीठ करतात. पानांत तर कंदाहून अधिक विष, पण तिथं दुसरं एन्झाइमही भरपूर असल्यानं उखळात नीट कुटली की काम पटकन होतं. काँगोतली पोंडू आणि मोझांबिकची नारळाचं दूध नि शेंगदाणे घातलेली मतापा या त्याच पानांच्या भाज्या.

हे सगळं शास्त्र कुणी सूत्र लिहून ठरवलेलं नाही. पिढ्यांनी चुकत, भोगत, बघत शिकलेलं आहे. म्हणून जेव्हा परिस्थिती बायकांच्या हातातला वेळ हिरावून घेते तेव्हा काय होतं तेही सांगायला हवं.

१९८१ साली मोझांबिकच्या नांपुला प्रांतात मोठा दुष्काळ होता. दुष्काळात कसावा जास्त विष साठवतो. दुसरं पीक उरलं नव्हतं, आणि भुकेल्या घरांना कंद आठवडेभर वाळत ठेवणं परवडत नव्हतं. ११०० हून अधिक माणसांचे, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं, पाय अचानक ताठरले. आजार एका फटक्यात येतो, वाढत नाही, पण गेलेले पाय परत येत नाहीत. या आजाराला कोंझो म्हणतात. १९३८ मध्ये बेल्जियन काँगोत ट्रोली नावाच्या इटालियन डॉक्टरनं त्याचं वर्णन करून ठेवलं होतं. पुढे आकडेवारीच्या व्याख्यानांमुळे जगभर गाजलेले हान्स रोसलिंग तेव्हा याच प्रांतात डॉक्टर होते आणि या साथीचा छडा लावणाऱ्यांत होते.

सायनाइड पेशीतल्या श्वसनसाखळीच्या शेवटच्या एन्झाइमला चिकटतं आणि पेशीला ऑक्सिजन वापरता येत नाही. थोडं सायनाइड आपलं शरीर निपटून काढू शकतं: ऱ्होडानीज हे एन्झाइम त्याला गंधक जोडून बऱ्याच कमी विषारी थायोसायनेटमध्ये बदलतं, आणि ते लघवीवाटे जातं. हे गंधक येतं प्रथिनांतून, मेथिओनिन आणि सिस्टीन या अमिनो आम्लांतून. ताटात नुसताच कसावा असेल, ना मासळी ना कडधान्य, तर गंधकाचा साठाच नसतो. कोंझो झालेली घरं बहुतेक वेळा अशीच असतात. ‘शरीर डिटॉक्स’ करणाऱ्या रसाच्या बाटल्या विकणाऱ्यांनी हे वाचावं. डिटॉक्स तुमचं यकृत करतं, आणि त्याला हवी असते वाटीभर उसळ.

काही गावांत कोंझोला करणी समजतात. एकाच घरातली तीन माणसं एका हंगामात लुळी पडली की शेजारचं बोट जादूटोण्याकडे वळतं, आणि मग कुणा म्हातारीवर आळ येतो. आजारानं पाय नेले, अंधश्रद्धा शेजार नेते. याविरुद्ध मला सर्वांत परिणामकारक वाटतं ते भाषण नाही, पिवळा कागद आहे. पिक्रेट नावाचं पिवळं रसायन लावलेला हा कागद पिठाच्या नमुन्यावर बंद बाटलीत ठेवला की सायनाइडच्या प्रमाणात तपकिरी होत जातो. दोष पिठात आहे हे समोर दिसतं.

हे साधन आणि त्याहून सुंदर एक उपाय ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या हॉवर्ड ब्रॅडबरी यांच्या गटानं दिला. वाळवून दळलेल्या पिठात लिनामारिन उरतं, पण लिनामारेजही उरतं. ते फक्त पाण्यावाचून अडलेलं असतं. म्हणून पीठ पाण्यानं ओलं करायचं, चटईवर पातळ पसरायचं, सावलीत पाच तास किंवा उन्हात दोन तास ठेवायचं. एन्झाइम जागं होतं, वायू उडून जातो, सायनाइड तिसऱ्या ते सहाव्या हिश्श्यावर येतं. मग त्याच ओल्या पिठाचा नेहमीसारखा उकडलेला गोळा करायचा. थर पातळ हवा, नाहीतर वायू आत अडकतो. काँगोच्या क्वांगो भागात एका गावातल्या बायकांनी ही पद्धत रोजच्या स्वयंपाकात घेतली आणि तिथं नवे रुग्ण थांबले.

मग विषच नसलेला कसावा का लावत नाहीत? मलावीतल्या शेतकरी बायकांनी याचं उत्तर संशोधकांना स्पष्ट दिलं आहे: कडू कसावा माकडं, रानडुकरं आणि चोर नेत नाहीत. चोरालाही तो घरी नेऊन दिवसच्या दिवस भिजवावा लागतो. त्यामुळे सगळं विष काढून टाकलेलं वाण वाटायचा उत्साह मला घाईचा वाटतो. शेत राखायला माणूस नसलेल्या घराला हे विष राखणदार आहे.

आपल्याकडे हेच रसायन ज्वारीत आहे. कोवळे पोंगे खाऊन जनावर दगावतं हे शेतकऱ्याला माहीत असतं; तिथल्या संयुगाचं नाव धुरीन, यंत्रणा तीच. ज्वारी पक्की झाली की ते कमी होत जातं आणि दाण्यात ते नगण्य असतं. साबुदाण्यात सायनाइड असल्याचे निरोप उपवासाच्या दिवसांत फिरतात, त्यांनाही उत्तर इथंच आहे. साबुदाण्यासाठी कंद पाण्यात बारीक दळतात. पेशी फुटतात, लिनामारिन नि त्याचे तुकडे पाण्यात विरघळून जातात, पिष्ट विरघळत नाही म्हणून तळाशी बसतं. पुढे ते भाजलं-वाळवलं जातं. साबुदाण्यात उरतं ते जवळजवळ निव्वळ पिष्ट. पोषण म्हणून तो कमकुवत आहे, विषारी नाही.

ताजा कंद मात्र पुण्या-मुंबईतल्या केरळी दुकानांत कप्पा म्हणून मिळतो, परदेशातल्या मराठी घरांना आफ्रिकी दुकानांत मिळतो. तो बहुधा गोडा असतो, तरी कच्चा कधीच खाऊ नये. जाड साल पूर्ण काढावी, कारण तिच्यात विष जास्त असतं. लहान तुकडे करून थोडा वेळ भिजवावेत, गार पाण्यातच चुलीवर चढवावेत म्हणजे तापता-तापता एन्झाइमला वेळ मिळतो, भरपूर पाण्यात झाकण न ठेवता शिजवावेत, आणि केरळात करतात तसं ते पाणी ओतून टाकावं. चवीला कडू लागला तर तो कंद टाकून द्यावा.