बॉड रेट जुळला म्हणजे पोर्ट जुळला असं नाही

कोल्हापुरात उद्यमनगरापासून शिरोली एमआयडीसीपर्यंत एक समज पक्का बसलाय: जुन्या सीएनसीच्या (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनच्या) सिरियल पोर्टच्या तारा थेट रास्पबेरी पाय या छोट्या एकबोर्डी संगणकाच्या पिनांना लावायच्या, बॉड रेट (बिट पाठवायचा वेग) जुळवला की झालं काम. साफ चूक, आणि बोर्ड घालवणारी.

सीएनसीचा पोर्ट आरएस-२३२ या सिरियल मानकाचा. तिथं ‘१’ म्हणजे उणे ३ ते १५ व्होल्ट, ‘०’ म्हणजे अधिक ३ ते १५. पायची पिन ३.३ व्होल्टची, तिला ५ सुद्धा सोसत नाहीत. मध्ये व्होल्टेज बदलून देणारा मॅक्स३२३२ हवाच, ०.१ मायक्रोफॅरडच्या चार कपॅसिटरांसह, पुरवठा पायच्या पिन १ वरून. (दुकानात मॅक्स२३२ हातात ठेवतील, तो ५ व्होल्टचा, परत करा.) पायची पिन ८ टीएक्स (पाठवणारी), १० आरएक्स (घेणारी), ६ ग्राउंड. सिरियलवरचं लॉगिन शेल पायच्या रास्पी-कॉन्फिग या सेटिंगमधून बंद करा, नाहीतर बूटचे मेसेज मशीनकडे जातात.

एवढं करूनही मशीनच्या ‘जी०१’ या आज्ञेतले जी आणि ० नीट, पण १ च्या जागी भलतंच चिन्ह? ती पॅरिटी, म्हणजे चूक पकडायला जोडलेला जादा बिट. मशीन ७ बिट इव्हन (एकांची संख्या सम ठेवणारी पॅरिटी) पाठवतंय, पाय ८ बिट नो-पॅरिटी वाचतोय. ‘१’ च्या सात बिटांत तीन एक असतात, म्हणून पॅरिटी बिटही एक होतो आणि पाय त्याला आठवा डेटा बिट धरतो. बॉड रेट तेव्हाही बरोबरच असतो.