कुंडीतली खडी आणि मँचेस्टरचं मैदान

कुंडीच्या तळाला खडी किंवा विटांचे तुकडे घातले की पाण्याचा निचरा चांगला होतो, असं घरोघरी सांगतात. होतं नेमकं उलटं. खडीच्या वरच्या मातीत पाणी अडून राहतं. कुंडीत नडणारी हीच गोष्ट मुद्दाम घडवून आणली की उत्तम फुटबॉल मैदान तयार होतं.

मँचेस्टर सिटी या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबचं सराव संकुल घ्या. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या या ८० एकरांत सोळाहून जास्त मैदानं आहेत, शिवाय ७,००० प्रेक्षकांचं छोटं स्टेडियम. इथल्या बऱ्याच जमिनीवर पूर्वी १८७६ साली स्थापन झालेला क्लेटन ॲनिलिन हा रंगांचा कारखाना होता. रसायनांनी नासलेली ती जमीन आधी साफ करावी लागली, मग गवताचा विचार. पण मला बोलायचंय ते गवताखालच्या वाळूबद्दल.

हो, वाळूच. अव्वल मैदानांच्या प्रचलित रचनेत गवत वाढतं ते साधारण ३० सेंटिमीटर जाडीच्या, मुख्यतः वाळूच्या थरात. त्याखाली १० सेंटिमीटर बारीक खडी. माती बुटांखाली दबून घट्ट होते. वाळू दबली तरी कणांमध्ये जागा उरते. १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर पावणेदोन लाख लिटरांहून जास्त पाणी होतं. ते वाळूतून झरझर उतरतं. मग गवत सुकत का नाही?

केशाकर्षणामुळे. १ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढतं, ०.१ मिलिमीटरच्या नळीत सुमारे ३० सेंटिमीटर. पोकळी जितकी अरुंद, तितकी पाण्यावरची पकड घट्ट. वाळूतल्या पोकळ्या बारीक, खडीतल्या मोठ्या. त्यामुळे उतरणारं पाणी वाळूच्या तळाशी येऊन थबकतं. वर साठलेल्या पाण्याचा दाब त्या पकडीला भारी पडला, की तेवढंच जास्तीचं पाणी खडीत सुटतं. बाकीचं वाळूतच लटकून राहतं, मुळांच्या हाताशी.

स्वयंपाकघरात करून पाहा. भांडी घासायचा स्पंज चिंब भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज उभा करा: पुन्हा थेंब गळू लागतील. पाणी तेच, स्पंज तोच, फक्त पाण्याच्या स्तंभाची उंची वाढली. कुंडीत खडी घातली की मातीची उंची घटते, तळाचा चिंब थर मात्र तेवढाच राहतो आणि मुळांच्या आणखी जवळ येतो.

पाणी चुंबकातून नेलं की ते मुळांत जास्त मुरतं, असं सांगून शेतकऱ्यांना यंत्रं विकली जातात, त्याचा मला मनापासून राग येतो. पाणी किती धरून ठेवायचं हे कणांमधल्या पोकळ्या ठरवतात, आणि चुंबकाने त्या लहान-मोठ्या होत नाहीत.

म्हणूनच मैदानासाठी कुठलीही वाळू चालत नाही. नमुना वाळवून एकाखाली एक रचलेल्या चाळण्यांतून हलवतात आणि प्रत्येक चाळणीवर किती वाळू उरली ते तोलतात. वाळू फार बारीक निघाली तर चिंब थर थेट गवतापर्यंत चढतो, फार भरड निघाली तर मुळं तहानलेली राहतात. आणि खडी वाळूच्या मानाने फार मोठी असेल तर वाळू तिच्या फटींत ढासळते आणि दोन थरांमधली सीमाच उरत नाही.