काळ्या मातीवरील कृत्रिम हिरवळीचा निचरा

नव्या घराच्या अंगणात कृत्रिम हिरवळ अंथरल्यावर तिच्याखालच्या चिकण मातीवर अडणारे पावसाचे पाणी बाजूने वाहून नेण्याची रचना. महाराष्ट्रात हा प्रश्न मुख्यतः दख्खनच्या पठारावरचा आहे. नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, नागपूर अशा शहरांच्या कडेला शेतजमिनींचे बिनशेती प्लॉट पडले आणि जिथे कापूस किंवा ज्वारी उभी असे तिथे बंगले व रो-हाउस आले. माती मात्र तीच राहिली. कोकणातल्या सच्छिद्र जांभ्यावर ही अडचण एवढी जाणवत नाही.

काळी माती बेसाल्ट झिजून बनलेली असून तिच्यात चिकणकणांचे प्रमाण बहुधा ४० ते ६० टक्के असते. त्यांतील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी धरून फुगते व वाळल्यावर आकसते. म्हणून उन्हाळ्यात जमिनीला हातभर खोल भेगा पडतात. पहिल्या वळवाचे पाणी या भेगांतून झपाट्याने आत जाते आणि ‘जमीन पाणी पिते’ असा समज होतो. पुढे माती फुगून भेगा मिटतात आणि जमिनीत पाणी मुरण्याचा वेग ताशी एखाद-दोन मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी होतो. त्यामुळे निचऱ्याची पाहणी मे महिन्यात करून काहीच कळत नाही. फूटभर खोल खड्डा करून तो आधी पाण्याने भिजू द्यावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरावा आणि मग पातळी किती उतरते ते मोजावे.

कृत्रिम हिरवळ १९६६ साली ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम क्रीडागारात गाजली. ते क्रीडागार छताखालचे होते. उघड्या अंगणात तिच्यावर थेट पाऊस पडतो. लॅटेक्स किंवा पॉलियुरेथेनच्या अस्तराला ठरावीक अंतरावर भोके असतात व त्यांतून पाणी लगेच खाली उतरते. विक्रेते झिरपण्याचा जो वेग सांगतात तो या गालिच्याचा असतो, खालच्या जमिनीचा नव्हे. खाली उतरलेल्या पाण्याला पुढे जायला वाट आहे का, यावरच सगळे काम तरते किंवा बुडते.

सर्वांत जास्त होणारी चूक इथेच घडते. सहा-आठ इंच काळी माती काढून त्या जागी खडी भरली आणि खड्ड्याला बाहेर जाणारी वाट ठेवली नाही, तर तयार होतो तो हौद. पावसाळाभर त्यात पाणी उभे राहते, तळाची माती मऊ पडते, खडी तिच्यात रुतते आणि हिरवळीवर खळगे दिसू लागतात. मातीत वाळू मिसळण्याचा उपायही निरुपयोगी. घरगुती कामात मिसळली जाते तेवढ्या वाळूने चिकण माती मोकळी होत नाही. जिप्सम टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण त्याचा खरा उपयोग सोडियम जास्त असलेल्या जमिनीत होतो, जसे अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात.

म्हणून उतार आधी मातीलाच द्यावा लागतो. घराकडून कुंपणाकडे शंभरास एक ते दोन असा ढाळ काढून माती दाबतात व तीवर न विणलेले जिओटेक्स्टाइल कापड अंथरतात, म्हणजे चिखल वर येऊन खडी तुंबवत नाही. त्यावर चार ते सहा इंच धुतलेली खडी आणि वर बारीक ग्रिटचा पातळ थर. समतल पृष्ठभागासाठी कंत्राटदाराला क्रशरची कच आवडते, पण तिच्यातल्या भुकटीने पाण्याची वाट बंद होते; काळ्या मातीवर ती जाड थरात वापरूच नये. अंगण लहान असेल तर उताराचे काँक्रीट, त्यावर प्लास्टिकचे ड्रेन सेल (पाणी खालून वाहू देणारे पोकळ जाळीदार तुकडे) आणि मग हिरवळ हा मार्ग अधिक खात्रीचा.

उताराच्या खालच्या कडेला चर खणून त्यात सुमारे १०० मिलिमीटर व्यासाचा सच्छिद्र पाइप, भोके खाली करून, कापडात गुंडाळलेल्या खडीत बसवतात. अमेरिकेत हेन्री फ्लॅग फ्रेंच यांनी १८५९ साली शेतनिचऱ्यावरील पुस्तकात अशा चरांचे वर्णन केले. सांगली-कोल्हापूरकडच्या क्षारपड उसाच्या जमिनींतही सच्छिद्र पाइपांचा भूमिगत निचरा याच तत्त्वावर चालतो. तिथल्या शेतकऱ्याला यातले काही नवे वाटणार नाही. पाइपाचे तोंड गाळ बसणाऱ्या चेंबरमार्गे पावसाळी गटारात सोडावे, मैलावाहिनीत कदापि नाही. शोषखड्डा चालतो तो काळ्या थराखालचा मुरूम गाठला असेल तरच, आणि तोही पायापासून दूर.

नव्या घरात आणखी दोन गोष्टी नडतात. बांधकामाच्या यंत्रांनी माती घट्ट दाबलेली असते आणि राडारोडा तिथेच पुरलेला असतो. उलट जोत्यालगतचा भराव सैल असल्याने पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत खचतो व उतार घराकडे फिरतो. शक्य असेल तर एक पावसाळा जाऊ देऊन मगच हिरवळ टाकणे शहाणपणाचे. दुसरी गोष्ट गच्चीच्या पाइपांची. १०० चौरस मीटर गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस झाला की ५,००० लिटर पाणी उतरते. ते अंगणात सोडले तर कोणताही थर पुरा पडत नाही. त्याला स्वतंत्र बंद पाइप हवा.

फुगण्याचा प्रश्न निचऱ्याने कमी होतो, संपत नाही. झाकलेल्या भागात ओल टिकते, कडा मात्र वाळून आकसतात, त्यामुळे किनारीचे दगड हलतात. मुंबईच्या आयआयटीतील डॉ. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देण्याची पद्धत विकसित केली, पण तो साधारण मीटरभर जाड लागतो. कालव्यांना व इमारतींना तो परवडतो, अंगणाला क्वचितच. काळ्या मातीच्याच वरच्या थरात वजनाच्या ३ ते ६ टक्के चुना मिसळून दाबणे हा अंगणाच्या आवाक्यातला उपाय आहे. चरातल्या पाइपाच्या वरच्या टोकाला झाकणाचे तोंड ठेवून मृगाआधी दरवर्षी त्यात पाणी सोडून पाहतात. चेंबरमध्ये ते गढूळ किंवा थेंबथेंब उतरले तर पाइप धुऊन काढण्याची वेळ झालेली असते.