पिचिंग स्टाफचं मूल्यमापन (बेसबॉल)

बेसबॉल टीममध्ये बॉल फेकणारे जेवढे म्हणून खेळाडू असतात त्या सगळ्यांना मिळून पिचिंग स्टाफ म्हणतात, आणि पुढच्या सीझनला टीम कुठवर जाईल ह्याचा अंदाज बांधायला बसलं की सगळ्यात जास्त डोकं ह्या स्टाफवरच खपतं. क्रिकेट बघत मोठं झालेल्यांचा इथे पहिल्याच शब्दाला घोळ होतो. आपल्याकडे पिच म्हणजे खेळपट्टी, तिथे पिच म्हणजे फेकलेला बॉल आणि तो फेकणारा पिचर. दुसरा घोळ प्रॉस्पेक्ट ह्या शब्दाचा. टीमचं पुढे काय होणार ह्यालाही हाच शब्द आणि खालच्या लीगमध्ये तयार होत असलेल्या होतकरू पोरालाही हाच. ह्या नोंदीत दोन्ही येणार आहेत, कारण त्यांना वेगळं काढताच येत नाही.

आउटचा हिशोब

मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमध्ये, एक टीम सीझनला १६२ मॅच खेळते, मॅचला ९ इनिंग, इनिंगला ३ आउट, म्हणजे मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर साधारण ४,३७४ आउट कोणीतरी काढायचे असतात. स्टाफकडे बघायची ही सगळ्यात सरळ पद्धत, घरात महिन्याचं वाणसामान मोजतात तसं, कोणाकडून किती येणार आणि उरलेलं कुठून आणायचं. २६ जणांच्या रोस्टरमध्ये (टीमच्या यादीत) जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात. त्यातले ५ स्टार्टर, जे आळीपाळीने मॅच सुरू करतात, ह्याला रोटेशन म्हणतात. उरलेले ८ बुलपेनमध्ये, म्हणजे मागून येणारे रिलीव्हर, आणि त्यातला एक बहुतेक वेळा क्लोजर, जो थोड्या रन्सची लीड असताना शेवटची इनिंग टाकतो.

पूर्वी चांगला स्टार्टर वर्षाला २५० इनिंग सहज टाकायचा. २०२४ मध्ये अख्ख्या मेजर लीगमध्ये २०० इनिंग टाकणारे फक्त चौघं होते, लोगन गिल्बर्ट, सेथ लुगो, लोगन वेब आणि झॅक व्हीलर. त्यामुळे कागदावरच्या पाच नावांवरून रोटेशन जोखणं म्हणजे लग्नाच्या पत्रिकेवरून संसार जोखण्यासारखं आहे. खरा प्रश्न सहावा, सातवा, आठवा स्टार्टर कोण हा असतो, कारण ऑगस्टपर्यंत पाचातल्या एकदोघांचा तरी खांदा नाहीतर कोपर धरलेलं असतं आणि ट्रिपल-एमधून, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या लीगमधून, कोणातरी पोराला विमानात बसवून आणावं लागतं.

जिंकले-हरले आणि ईआरए

सगळ्यात जुना आकडा जिंकलेल्या-हरलेल्या मॅचचा, आणि आज सगळ्यात कमी भरवसा त्याचाच. आपल्या बॅटर्सनी रनच काढले नाहीत तर पिचर काय करणार? २०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमचा ईआरए १.७० होता, म्हणजे दर ९ इनिंगमागे दोन रनसुद्धा नाहीत, आणि त्याच्या नावावर विजय किती तर १० आणि पराभव ९. सर्वोत्तम पिचरचा साय यंग अवॉर्ड तरीही त्यालाच गेला. २०२५ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सच्या पॉल स्कीन्सने १०-१० अशा रेकॉर्डवर आणि १.९७ च्या ईआरएवर तोच अवॉर्ड घेतला. आधीच्या पिढीतल्या मतदारांनी हे होऊ दिलं असतं असं वाटत नाही.

ईआरए त्यामानाने बरा. पिचरच्या खात्यावरचे रन गुणिले ९ भागिले इनिंग, आणि फील्डरच्या ढोबळ चुकीमुळे गेलेले रन त्यातून वगळलेले. पण चूक कशाला म्हणायचं हे स्टँडमध्ये बसलेला स्कोअरर ठरवतो, आणि मंदगती शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फील्डर) बॉलपर्यंत पोचलाच नाही तर ती चूक नाहीच, तो बॅटरचा हिट, म्हणजे बॉल मारून तो बेसवर पोचला, आणि भुर्दंड पिचरला. बॅटला बॉल लागून तो मैदानातच राहिला तर पुढे काय होतं ह्यावर पिचरचा ताबा फारच थोडा असतो हे वोरोस मॅक्रॅकन नावाच्या एका आकडेवेड्याने साधारण २००० च्या आसपास दाखवलं तेव्हा बऱ्याच लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं, कारण बोलिंग करणारा माणूस आणि कॅच-फील्डिंगमधलं नशीब ह्यांचा काही संबंध नाही असं कोणालाच पटत नव्हतं. पण आकडे त्याच्याच बाजूने निघाले. असे मैदानात राहिलेले बॉल लीगभर साधारण ३० टक्के वेळा हिट होतात, आणि एखाद्या पिचरचा हाच आकडा एका वर्षी २५ टक्के असेल तर पुढच्या वर्षी तो परत तिशीकडे सरकायची शक्यता दांडगी.

ह्यातूनच फिप नावाचा आकडा लोकप्रिय झाला. पिचरच्या स्वतःच्या हातात असलेल्या गोष्टीच धरायच्या. होमरनला (आपल्या सिक्सरसारखा बाहेर मारलेला बॉल) १३ ने गुणा, वॉक (चार चुकीच्या बॉलमुळे बॅटरला फुकट मिळालेला बेस) आणि अंगावर लागलेल्या बॉलला ३ ने, त्यातून स्ट्राइकआउटची (तीन स्ट्राइक घेऊन आउट झालेले बॅटर) दुप्पट वजा करा, इनिंगने भागा आणि मग ईआरएसारखा दिसावा म्हणून ३ च्या थोडा वरचा एक स्थिरांक मिळवा, झालं. १९९९ मध्ये बॉस्टनच्या पेड्रो मार्टिनेझचा ईआरए २.०७ होता आणि फिप १.३९. म्हणजे तो दिसत होता त्याहूनही भारी टाकत होता! उलटं झालं, म्हणजे ईआरए २.८० आणि फिप ४.३०, की समजायचं ह्या माणसाला पुढच्या वर्षी महागात घेऊ नये. एवढंही गणित नको असेल तर फक्त स्ट्राइकआउट आणि वॉक बघा. हल्ली लीगमध्ये शंभर बॅटर्समागे साधारण २२ स्ट्राइकआउट आणि ८ वॉक पडतात, ह्यातला फरक ज्याचा २० च्या वर तो उत्तम, दहाच्या खाली असेल त्याच्या मागे फील्डर चांगले लागतील.

मैदान

हे थोडक्यात. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून साधारण एक मैल उंचीवर आहे, हवा विरळ, बॉल लांब जातो आणि कर्व्हबॉल (वळणारा बॉल) नीट वळत नाही, म्हणून तिथला साडेचारचा ईआरए दुसरीकडच्या पावणेचारसारखा वाचायचा. २००२ पासून तिथे बॉल दमट कपाटात ठेवतात, त्याने थोडा फरक पडला. मुंबईकरांना हे समजावून सांगायची गरजच नाही, कांगा लीगमध्ये भर पावसात ओल्या पिचवर घेतलेल्या सात विकेट्स आणि मार्चमधल्या पाट्यावर घेतलेल्या सात विकेट्स कोणी एका तागडीत तोलत नाही.

अटलांटा, १९९०-९१

हे सगळं कसं जुळून येतं ह्याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण अटलांटा ब्रेव्ह्जचं. १९९० मध्ये ही टीम ६५-९७ अशी तळाला होती. रन काढले ६८२, दिले ८२१. टीमचा ईआरए ४.५८. बेसबॉलच्या आकडेवारीचा अभ्यासक बिल जेम्सचं एक सूत्र आहे, काढलेल्या रनचा वर्ग भागिले काढलेल्या आणि दिलेल्या रनच्या वर्गांची बेरीज, ते लावलं तर ६६ विजय येतात, म्हणजे नशीब आडवं आलं अशी सबब पण नव्हती, टीम खरोखरच वाईट होती.

पण त्या हिवाळ्यात स्टाफची नावं बारकाईने बघणाऱ्याला वेगळं काहीतरी दिसलं असतं. डावखुरा टॉम ग्लॅव्हिन १९८८ मध्ये ७-१७ होता, पण त्या वर्षी टीमनेच १०६ मॅच हरल्या होत्या आणि पोरगा बावीस वर्षांचा. जॉन स्मोल्ट्झला १९८७ मध्ये डेट्रॉइटकडून डॉइल अलेक्झांडरच्या बदल्यात आणलेलं. हा सौदा म्हणजे आज देऊन उद्या घेण्याचा नमुना, अलेक्झांडरने डेट्रॉइटला राहिलेल्या दीड-दोन महिन्यांत ९-० करून दिलं, त्यामुळे त्यांनाही फसलो असं वाटलं नाही, आणि अटलांटाला मिळाला पुढच्या वीस वर्षांचा माणूस. स्टीव्ह एव्हरी तर जेमतेम वीस वर्षांचा. तिघांचेही हात धड होते आणि आकडे त्यांच्या मागच्या फील्डिंगमुळे खराब दिसत होते.

नवा जनरल मॅनेजर जॉन शूरहोल्झ आला त्याने एखादा महागडा पिचर आणला असता तर कोणाला नवल वाटलं नसतं. त्याने आणले फील्डर. थर्ड बेसला टेरी पेंडल्टन, शॉर्टस्टॉपला राफाएल बेलियार्ड, फर्स्ट बेसला सिड ब्रीम. पिचिंग कोच लिओ माझोनीची पद्धत अशी की दोन स्टार्टच्या मध्ये पिचरने एकदा नाही, दोनदा हलका सराव करायचा, जोर लावायचा नाही पण हात चालू ठेवायचा.

१९९१ मध्ये रन दिले ६४४, म्हणजे १७७ कमी. ईआरए ३.४९. रन काढले ७४९, म्हणजे ६७ जास्त. सूत्राने ९३ विजय येतात, प्रत्यक्षात ९४ झाले. साधारण दहा रनमागे एक विजय असा ढोबळ हिशोब असतो, तो लावला की सुधारणेतला कितीतरी मोठा वाटा पिचिंग आणि फील्डिंगचा आहे हे समजतं, आणि त्या दोघांतलं श्रेय कोणाला किती हे आजही नीट वेगळं काढता येत नाही. ग्लॅव्हिन २०-११ आणि साय यंग. एव्हरी १८-८. स्मोल्ट्झची गंमत तर बघा, जुलैतल्या ऑल-स्टार ब्रेकपर्यंत (सीझनच्या मधल्या सुट्टीपर्यंत) २-११, नंतर १२-२. जुलैमध्ये त्याला बुलपेनमध्ये टाका म्हणणारे खूप असतील, मी तिथे असतो तर मीही म्हटलं असतं.

वर्ल्ड सिरीजची, म्हणजे मेजर लीगच्या फायनलची, सातवी मॅच स्मोल्ट्झने सुरू केली आणि समोर होता मिनेसोटाचा जॅक मॉरिस, ज्याने एकट्याने १० इनिंग टाकून मॅच १-० अशी काढली. मिनेसोटासुद्धा १९९० मध्ये आपल्या डिव्हिजनला (लीगमधल्या गटाला) तळालाच होती. १९९३ ला ग्रेग मॅडक्स आल्यावर अटलांटाचं रोटेशन दंतकथाच झालं. १९९४ चा खेळाडूंच्या संपात बुडालेला सीझन सोडला तर १९९१ ते २००५ दरवर्षी डिव्हिजन त्यांचीच, पण वर्ल्ड सिरीज मात्र एकच, १९९५ ची. लांबच्या सीझनला स्टाफ पुरतो, सात मॅचच्या सिरीजला दोन वाईट संध्याकाळी पुरतात.

पोरांचं काय होणार

स्काउट, म्हणजे नवी पोरं हेरणारी माणसं, पोरांना २० ते ८० च्या स्केलवर मार्क देतात. ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी माणूस, ६० चांगला, ८० म्हणजे पिढीत एखादाच. फास्टबॉल, कर्व्ह किंवा स्लायडर, चेंजअप आणि कंट्रोल, प्रत्येकाला वेगळा आकडा. वेग मोजायला रडार गन होतीच, २०१५ पासून स्टॅटकास्ट यंत्रणा बॉलचे फेरे आणि वळणसुद्धा मोजते. फक्त दोनच बॉल धड असतील तर पोरगा बहुतेक बुलपेनमध्ये जातो, कारण बॅटर्स तिसऱ्यांदा समोर येईपर्यंत त्याला ओळखून बसतात.

पण हे सगळं मोजूनही पिचरचं भाकीत बॅटरपेक्षा जास्त फसतं. १९९० च्या ड्राफ्टमध्ये (टीम आळीपाळीने नवी पोरं निवडतात तो कार्यक्रम) टेक्ससचा शाळकरी पिचर टॉड व्हॅन पॉपेल सगळ्यांच्या तोंडी होता. त्याने अटलांटाशी करार करणार नाही असं कळवलं, म्हणून पहिल्या नंबरला त्यांनी चिपर जोन्स नावाचा शॉर्टस्टॉप घेतला. चिपर हॉल ऑफ फेममध्ये आहे, व्हॅन पॉपेलचा करिअर ईआरए ५.५८. कधीकधी नकार मिळणं हेच नशीब असतं, स्थळं बघणाऱ्यांना हे कळेल. मेट्सकडे नव्वदच्या दशकात पल्सिफर, इसरिंगहाउझन आणि पॉल विल्सन असं त्रिकूट होतं, जनरेशन के म्हणून गाजवलेलं, तिघांचेही हात दुखावले. त्यातला इसरिंगहाउझन नंतर दुसरीकडे क्लोजर झाला आणि ३०० सेव्हपर्यंत (लीड राखून संपवलेल्या मॅचपर्यंत) पोचला.

दुखणं मुख्यतः कोपराच्या आतल्या लिगामेंटचं. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब ह्यांनी डॉजर्सच्या टॉमी जॉनच्या डाव्या कोपरात त्याच्याच उजव्या हातातला टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) काढून बसवला, तो १९७६ ला परत आला आणि त्यानंतर आणखी १६४ मॅच जिंकला, तेव्हापासून ऑपरेशनलाच त्याचं नाव पडलं. परतायला वर्ष-दीड वर्ष लागतं. त्यामुळे टीमचा हिशोब मांडताना ह्या वर्षी कोण ऑपरेशनवरून येतोय आणि कोणाच्या बॉलचा वेग अचानक दोन मैलांनी उतरलाय हे आधी बघतात.

स्टीफन स्ट्रासबर्गमध्ये दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. २००९ च्या ड्राफ्टचा पहिला पिक, जून २०१० मध्ये पहिल्याच मॅचला १४ स्ट्राइकआउट, त्याच वर्षी टॉमी जॉन ऑपरेशन. २०१२ मध्ये वॉशिंग्टनने त्याला १५९ इनिंगनंतर घरी बसवलं, टीम प्लेऑफमध्ये जात असताना! त्यावरून झालेली भांडणं अजून मिटलेली नाहीत. २०१९ मध्ये तो वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), मग ७ वर्षांसाठी २४.५ कोटी डॉलरचा करार, आणि त्या करारात तो टाकू शकला फक्त ८ मॅच.

भारतीय नावं ह्या कथेत एकदाच येतात. २००८ मध्ये मिलियन डॉलर आर्म ह्या स्पर्धेतून उत्तर प्रदेशचे दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग (कोलकात्याचा सिक्सरवाला नव्हे) आणि दिनेश पटेल, निवडले गेले आणि त्याच नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केलं. रिंकूचा स्पर्धेतला वेग ताशी ८७ मैल, म्हणजे १४० किलोमीटर. क्रिकेटमध्ये एवढ्यावर माणूस वेगवान म्हणवतो, मेजर लीगमध्ये मात्र आज फास्टबॉलची सरासरीच ९४ मैलांच्या आसपास आहे, तरी डावखुरा आणि कधीच बेसबॉल न हाताळलेला म्हणून त्याच्यावर पैसे लावण्यासारखे होते. पटेलला २०१० मध्ये सोडलं. रिंकू खालच्या लीगमधल्या सिंगल-ए पातळीपर्यंत चढला, मग त्याचंही कोपर गेलं, त्यालाही तेच ऑपरेशन लागलं, आणि २०१८ मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये गेला, तिथे लोक त्याला वीर महान म्हणून ओळखायचे.